बारीक झुरळं मोठ्यांची पिल्लं नव्हती : साखर पेठेतल्या एका घराचं प्रकरण

कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी सहायक होतो. लोकांना वाटतं, बरण्या पुसण्यापलीकडे त्यात काय काम असणार. खरं काम होतं झुरळं पुरवण्याचं. प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री गटाराच्या चेंबरचं झाकण सरकवायचं, तोंडाला आतून व्हॅसलीन फासलेल्या बरणीत पावाचा तुकडा टाकायचा आणि बरणी दोरीनं आत सोडायची. सकाळी बरणीत वीस-पंचवीस गडी हजर. सर शिकवायचे, झुरळ मी आणायचो. त्यामुळे निवृत्त झालो तरी ओळखीत कुणाकडे झुरळं झाली की फोन मलाच येतो. हे प्रकरण त्यातलंच आहे. यात मी स्वतः एकदा चांगलाच फसलो, म्हणून लिहून ठेवतोय.

घर सोलापुरातल्या साखर पेठेतलं, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर कुटुंबाचं. खाली चार यंत्रमाग, टॉवेल विणतात. वर स्वयंपाकघर, हॉल आणि एक खोली. मोरी-संडास खालीच, जिन्याच्या पाठीमागे, आणि त्याला लागून पाण्याचा हौद. पाणी चार दिवसांआड येतं, म्हणून हौद, दोन ड्रम, हंडे, कळशा, बादल्या असं सगळं घर भरलेलं. सोलापूरकराला यात नवल वाटायचं नाही. माणसं पाच : मालक, मालकीणबाई, त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी, रांगणारा मुलगा आणि मालकांची आई. आईला घरात सगळे अव्वा म्हणतात.

फोन मालकीणबाईंचा होता. आमच्याच कॉलेजची बारावी सायन्स. "काका, तीन वेळा औषध मारून झालं. तिसऱ्या वेळी तर त्यांनी गॅरंटी दिली होती. मोठी कमी झाली, पण त्यांची पिल्लं बघा किती झालीत! रात्री लाइट लावला की ओटा हलतोय असं वाटतं."

या एका वाक्यात सगळं प्रकरण होतं. ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण फोनवर मी नुसतं "येतो" म्हणालो.

एप्रिल होता. दुपारी पारा ४२-४३च्या घरात, आणि खाली मागांचा खडखडाट. गेल्या गेल्या अव्वांनी एक काडेपेटी पुढे केली. चपलेनं मारलेली दोन झुरळं त्यांनी जपून ठेवली होती, डॉक्टरला नमुना द्यावा तशी. "हा बाप," एका बोटानं, "आणि हे पोर." अव्वा तेलुगूत झुरळाला बोद्दिंका म्हणतात. शेजारच्या कानडी बाई जिरळे म्हणतात आणि आपण झुरळ. तिन्ही भाषांत लहानमोठ्या सगळ्या झुरळांना मिळून एकेकच शब्द आहे, म्हणजे बोलणाऱ्याच्या लेखी प्राणीही एकच. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मी दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवली आणि मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. मोठं ३८ मिलिमीटर, मिशा सोडून. लहान १३. मग टाचणीनं लहानाच्या पाठीवरचं आवरण हळूच उचललं. खाली पातळ, पंख्यासारखा घडी घातलेला पंख होता. वरचं आवरण म्हणजे पुढचा पंख, तो पार शेपटीपर्यंत आलेला.

"याला पंख आहेत," मी म्हणालो.

"मग?" मालकीणबाई.

मग असं की झुरळात फुलपाखरासारखी अळी-कोश भानगड नसते. अंड्यातून निघतं तेच झुरळाच्या आकाराचं, फक्त बिनपंखाचं. ते कात टाकत टाकत मोठं होतं आणि शेवटची कात टाकली की पंख येतात. त्यानंतर वाढ बंद. पंख फुटलेलं झुरळ आहे तेवढंच राहणार, एक मिलिमीटरही वाढणार नाही. काडेपेटीतलं तेरा मिलिमीटरचं 'पोर' पोर नव्हतंच. ते पुरतं वाढलेलं, संसारी झुरळ होतं, फक्त दुसऱ्या जातीचं. उंदराला घुशीचं पिल्लू म्हणण्यासारखी ही चूक, पण उंदराच्या बाबतीत ती कुणी करत नाही.

मालकीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. अकरावीला झुरळाचा अख्खा धडा पाठ केलेला, मुखांगांची स्लाइड करून मार्क घेतलेले, आणि त्यांना झुरळ टाचून देणारा मीच. पण पुस्तकातलं ते झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, गटारातलं मोठं. ओट्यावरच्या बारक्याबद्दल त्या धड्यात काही नव्हतं. वर्षानुवर्षं आम्ही पोरांना एका झुरळाची आतडी दाखवली, पण घरात झुरळं किती प्रकारची असतात हे एका तासातही सांगितलं नाही.

औषध मारणाऱ्यांनीही घरच्यांच्याच समजुतीवर काम केलं होतं. मोठी दिसतात मोरीत, पिल्लं तिथूनच येणार, तेव्हा मोरी, गटार, हौदामागची जागा तीन वेळा धुऊन काढली. वर स्वयंपाकघरात जाता जाता ट्रॉलीवर दोन-चार फवारे. मोरीतली मोठी कमी झाली ती म्हणून. बारक्यांचा मोरीशी संबंधच नव्हता.

ओट्याखालचं आणि मोरीतलं

मोठं ते अमेरिकन झुरळ. साडेतीन ते चार सेंटिमीटर, कधी जास्तही. रंग तांबूस, जुन्या विटेसारखा, आणि डोक्यामागच्या ढालीला फिकट पिवळी कड. मधे दोन गडद डाग, एकमेकांना चिकटलेले. याला ओल, अंधार आणि ऊब लागते. गटार, चेंबर, हौदाची मागची बाजू हे त्याचं खरं घर, माणसाच्या घरात ते वाट चुकून किंवा खायला येतं. वाढही सावकाश. अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त.

बारीक ते जर्मन झुरळ, ब्लॅटेला जर्मेनिका. एक ते दीड सेंटिमीटर, रंग कडक भाकरीसारखा फिकट तपकिरी. ढालीवर दोन काळे उभे पट्टे, अगदी रेल्वेच्या रुळांसारखे. हे पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, फक्त झुरळ जरा स्थिर हवं. पंख आहेत पण उडत नाही. गुळगुळीत फरशीवर, फ्रिजच्या दारावर, काचेवरही सरसर चढतं. हे बाहेर गटारात सहसा राहत नाही. माणसाच्या घरात, ऊब आणि पाणी जवळ असेल तिथे, बहुतेक स्वयंपाकघरातच. सोलापूरच्या उन्हाळ्यात अंडं ते पंख हा प्रवास दोन महिन्यांत उरकतो.

अव्वांना नावांचं भारी कौतुक वाटलं. "अमेरिकेहून आलं?" नाही, अमेरिकन झुरळ मूळचं आफ्रिकेतलं, जहाजांतून जगभर गेलं. जर्मन झुरळाचं नाव लिनियसनं १७६७मध्ये ठेवलं, पण ते जर्मनीचंही नाही. रशियात त्यालाच प्रुसाक म्हणतात, म्हणजे प्रशियावाला. जो तो शेजाऱ्याच्या नावानं खपवतो. २०२४मध्ये जगभरच्या झुरळांची जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं की हे झुरळ साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला, एशियन झुरळापासून वेगळं झालं आणि माणसाच्या घराला चिकटलं. युरोपात पोचलं ते फार नंतर. अव्वा म्हणाल्या, "म्हणजे आपलंच की."

यांची पिल्लं ओळखायची वेळ आली तर मोठेपणा बघू नये, पाठ बघावी. जर्मनचं पिल्लू काळसर आणि पाठीच्या मधोमध एक फिकट उभी रेघ. अमेरिकनचं सगळीकडून सारखं करडं-तपकिरी, पुढे तांबूस होत जातं. घरात ज्यांना 'पिल्लं' म्हणत होते त्यात दोन्ही सरमिसळ होती : खरी पिल्लं आणि पंखवाली मोठी माणसं.

त्याच दुपारी मुलगी ओरडत आली, "पांढरं झुरळ!" सिंकखाली ट्रॉलीच्या कोपऱ्यात खरोखर एक दुधासारखं पांढरं झुरळ बसलं होतं, काळे डोळे तेवढे उठून दिसत होते. तिला ती तिसरी जात वाटली. तसं काही नसतं. नुकतीच कात टाकलेलं कुठलंही झुरळ असंच पांढरं असतं, काही तासांत कातडी घट्ट होऊन रंग येतो. तिला विश्वास बसेना, म्हणून ते बरणीत ठेवलं. संध्याकाळी बरणीत तपकिरी झुरळ होतं, ढालीवर दोन उभ्या पट्ट्यांसकट. मुलगी मला अजून 'रंग बदलणारे काका' म्हणते.

मोरीतली झेंडेवाली

मोरीच्या भिंतीवर एक काळी, सडपातळ गांधीलमाशीसारखी माशी फिरत होती. डोळे निळे, आणि पोट इतकं लहान आणि चपटं की बारीक देठावर झेंडा लावावा तसं, सारखं वरखाली हलणारं. मालकांनी चप्पल उचलली. मी हात धरला. ही इव्हानिया. माणसाच्या वाटेला जात नाही. ही अमेरिकन झुरळाच्या जातीतल्या मोठ्या झुरळांची अंडपेटी शोधते, तिच्यात आपलं अंडं घालते आणि तिची अळी आतली सगळी अंडी खाऊन टाकते. सोलापुरात कुठल्याही जुन्या वाड्याच्या मोरीत ही दिसते आणि बिचारी दर वेळी चपलेनं मरते.

मला तिचा दुसरा उपयोग होता. ही जिथे घुटमळते तिथे जवळपास मोठ्या झुरळांच्या अंडपेट्या असतात. हौदामागे टॉर्च मारला. भिंतीच्या आणि पाइपच्या सांध्यात सात-आठ सापडल्या, घेवड्याच्या बारक्या दाण्यासारख्या, गडद तपकिरी, आठेक मिलिमीटर. एकेका पेटीत १४-१६ अंडी. अमेरिकन मादी पेटी घेऊन हिंडत नाही, एक-दोन दिवसांत कोपऱ्यात चिकटवून निघून जाते. दोन पेट्यांना टोकाजवळ एक गोल भोक होतं. झुरळाची पिल्लं निघतात तेव्हा पेटी शिवणीवर उसवते. गोल भोक म्हणजे माशीचं काम. त्या दोन मी तिथेच राहू दिल्या, बाकीच्या खरवडून गरम पाण्यात टाकल्या.

पेटीचा हा मुद्दा पुढे फार कामी आला, म्हणून आत्ताच सांगतो. जर्मन मादी पेटी चिकटवत नाही. शेपटीला धरून हिंडते, फिकट, लांबट, जणू पाठीमागे खपली लोंबते आहे. आत ३०-४० अंडी. पिल्लं निघायला एक-दोन दिवस उरले की मगच टाकते. ओट्याखाली अशा तीन माद्या दिसल्या. पेटी घेतलेली मादी फटीत दबा धरून बसते, फारशी खातही नाही, त्यामुळे एकदा विष ठेवून ती सापडत नाही. आणि फवाऱ्यानं ती मेली तरी पिकलेली पेटी कधीकधी वाचते.

सापळे

उंदराचे चिकट पॅड बाजारातून आणले, कात्रीनं पत्त्याएवढे कापले, पुठ्ठ्याच्या वळचणीखाली ठेवले आणि प्रत्येकावर पेननं जागा लिहिली. नऊ जागा. औषधाचा फवारा दोन आठवडे पूर्ण बंद ठेवायला सांगितलं. फवाऱ्यातली बरीच औषधं झुरळाला नुसती पळवतात. ते फटीच्या आणखी आत जातं, शेजारच्या खोलीत जातं, आणि फवारलेल्या जागी जेल ठेवलं तर तोंड लावत नाही. शिवाय जर्मन झुरळ या औषधांना सरावण्यात पटाईत आहे.

दोन रात्रींनंतर उचलले. फ्रिजच्या मागे, मोटरजवळ ४४, सगळी जर्मन, निम्म्याहून जास्त पिल्लं. गॅसच्या ओट्याखाली ३१. सिंकखाली १९. मोरीत सहा आणि हौदाशी चार, सगळी अमेरिकन. जिन्यात एक, तेही अमेरिकन. मागांच्या खोलीत दोन मोठी, बारीक एकही नाही, जरी सुताच्या खळीचा तिथे सुकाळ. हॉलमध्ये टीव्हीवर पाच बारीक आणि आतल्या खोलीत कपाटावर सात बारीक.

फ्रिजचा आकडा बघून विचारलं, फ्रिज कधी घेतला? दिवाळीला, जुना, ओळखीच्या हॉटेलवाल्याकडून. मग काही विचारायचं उरलं नाही. जर्मन झुरळ स्वतःहून क्वचितच लांब चालत येतं. ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून, जुन्या मिक्सर-फ्रिजमधून, किराण्याच्या पोत्यातून बसून येतं. या घरात सुताचे कोन येतात ती खोकीही रद्दी म्हणून फ्रिजमागेच रचलेली होती, म्हणजे पाहुण्याला गादी-उशीसकट सोय.

उपाय तपशिलात सांगत बसत नाही, ते बहुतेकांना माहीत असतात. जेल आणलं, सिरिंजमधलं, इमिडाक्लोप्रिडवालं. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, एका जागी थापून नाही तर वीस-तीस ठिकाणी : बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या रुळामागे, फ्रिजच्या मागच्या पत्र्याशी, गॅसच्या पाइपला जिथे भोक आहे तिथे. रांगणारं पोर घरात, त्यामुळे खालच्या पातळीवर एकही ठिपका नाही. अव्वांनी कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या करून ओट्यावर मांडल्या होत्या. सोलापूरच्या उन्हात त्या दोन दिवसांत शेंगदाण्याच्या लाडवाहून कडक झालेल्या. बोरिक चालतं, पण गोळी मऊ असेपर्यंत आणि पोराच्या हाताला लागणार नाही अशा जागी. त्या उचलायला लावल्या. अव्वा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाण्याचं जास्त कठीण होतं. जर्मन झुरळ अन्नाशिवाय महिनाभर काढतं, पाण्याशिवाय दोन आठवडेही नाही. म्हणजे पाणी तोडलं की अर्धं काम झालं. पण ज्या घरात चार दिवसांचं पाणी साठवायचं तिथे पाणी तोडायचं कसं? शेवटी एवढंच ठरलं : ड्रमची गळती चावी बदलायची, हंड्यांना घट्ट झाकण, आणि रात्री झोपायच्या आधी ओटा आणि सिंक कोरड्या फडक्यानं पुसून फडकं बाहेर वाळत घालायचं. ओलं फडकं सिंकवर टाकून झोपणं म्हणजे पाणपोई उघडून ठेवणं. भाकरीची टोपली ओट्यावरून उचलून झाकणाच्या डब्यात. कडक भाकरीचा चुरा टोपलीखाली किती साठतो ते त्या दिवशी त्या घरानं पहिल्यांदा पाहिलं.

मोठ्यांसाठी औषध वापरलंच नाही. मोरीच्या जाळीला बारीक स्टीलची दुसरी जाळी, चेंबरच्या झाकणाला कडेनं सिमेंट, पाइपभोवतीचं भोक बंद. बाहेरच्या गटारातली झुरळं मारून संपत नसतात, फक्त आत येणं बंद करता येतं.

माझी चूक

तीन आठवड्यांनी, मे महिन्यात, पुन्हा सापळे लावले. फ्रिजमागे ४४ची ६. ओट्याखाली ३. सिंकखाली एकही नाही. मोरीत एक. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. मग हॉलचा सापळा उचलला. पाचची सहा. कपाटावर सातची नऊ.

पहिल्या वेळी ती बारा झुरळं मी नीट पाहिलीच नव्हती. बारीक आहेत, पंख आहेत, म्हणजे जर्मन, स्वयंपाकघरातून पांगलेली, असा निकाल देऊन मोकळा झालो. अव्वांनी 'बारीक म्हणजे पिल्लू' म्हटलं, मी 'बारीक म्हणजे जर्मन' म्हटलं. चूक एकाच घाण्यातली.

या वेळी भिंग काढलं. ढालीवर उभे पट्टे नव्हतेच. ढाल मधे गडद, देवळातल्या घंटेच्या आकाराची, आणि दोन्ही कडा काचेसारख्या आरपार. पंखांच्या बुडाशी एक फिकट आडवा पट्टा, त्याखाली आणखी एक, तुटक. बरोबरची पिल्लं तर उघड उघड पट्टेवाली, पाठीवर दोन पिवळसर आडव्या रेघा. हे तपकिरी पट्टेवालं झुरळ, सुपेला लाँगिपाल्पा. लांबी जर्मनएवढीच, एक ते दीड सेंटिमीटरच्या आत. त्यामुळेच फसगत होते. पण वागणूक अगदी उलटी. याला जर्मनइतकं पाणी लागत नाही. कोरडी, गरम, उंच जागा हवी : छताचा कोपरा, कपाटाचा माथा, पडद्याची दांडी, घड्याळ, टीव्हीची पाठ, फोटोमागची फट. सोलापुरात उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत वरचा दोन फूट भाग जसा तापतो, तसली जागा याच्यासाठीच केलेली.

दिवाणखान्यात मार्कंडेय महर्षींचा मोठा जुना फोटो आहे, लाकडी चौकट, मागे खळीनं चिकटवलेला तपकिरी कागद. मालकांनी आदरानं नमस्कार करून तो खाली घेतला. हात लागताच मागून एक बारीक, सडपातळ झुरळ उडालं आणि ट्यूबलाइटवर जाऊन बसलं. नर असणार. जर्मन असं उडत नाही, आणि या जातीची मादीही उडत नाही. तिचे पंख पोट पुरतं झाकतसुद्धा नाहीत.

फोटो पालथा केला. कागदाच्या कडेला, जिथे खळ होती, तिथे कुरतडलेलं. आणि चौकटीच्या खाचेत ओळीनं चिकटवलेल्या पेट्या. रंगानं, आकारानं अगदी मेथीचे दाणे. अव्वांनी दोनेक महिन्यांपूर्वी फोटो पुसताना त्या पाहिल्या होत्या आणि कुणी मेथी का लावली असं म्हणून सोडून दिलं होतं. मी मोजल्या, एकवीस. प्रत्येकीत दहा-पंधरा अंडी असू शकतात. आणि मी महाराज जेल लावत होतो खाली, फ्रिजच्या बिजागरीत.

पेटीनंच पक्कं झालं. शेपटीला पेटी धरून हिंडतं ते जर्मन. गडद, मोठी, कोपऱ्यात एकटी-दुकटी चिकटवलेली ती अमेरिकनची. मेथीएवढ्या, फर्निचरच्या खाचांत झुबक्यानं चिकटवलेल्या त्या पट्टेवाल्याच्या. झुरळ पळून जातं, पेटी जागेवर राहते. तपासायला गेलं तर आधी पेटी शोधावी, हे मला एवढी वर्षं झुरळं पकडूनही उशिरा उमगलं.

या जातीत चिकटवलेल्या पेट्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, त्या हातानं काढाव्या लागतात. एक रविवार त्यात गेला. जुनी बँक पासबुकं ठेवतो तो ड्रॉवर, टीव्हीचं स्टँड, कपाटाच्या माथ्यावरचे चादरींचे गठ्ठे, भिंतीवरचं घड्याळ, अगदी स्विचबोर्डाचं झाकणसुद्धा, मेन बंद करून. पोस्टकार्डाच्या कडेनं पेट्या खरवडायच्या, साबणाच्या पाण्यात टाकायच्या. घड्याळात सहा होत्या. चादरींच्या गठ्ठ्यात एकही नाही, याचं मालकांना फार बरं वाटलं. जेल या वेळी वर : कपाटाच्या माथ्याच्या मागच्या कडेला, टीव्हीच्या स्टँडच्या वरच्या फळीखाली, फोटोच्या खिळ्याजवळ. फोटोचा मागचा कागद काढून नवा लावला, खळीऐवजी टेपनं.

या सगळ्या खटाटोपात मुलीनं तुळशीच्या कुंडीतून चौथं झुरळ आणलं. काळपट, चकचकीत, ढालीची पुढची कड पिवळसर. ते मातीत राहणारं, सुरिनाम झुरळाच्या भाऊबंदातलं. स्वयंपाकघराशी त्याचं देणंघेणं नाही. परत कुंडीत सोडलं. काळं ओरिएंटल झुरळ, ज्याच्याबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं असतं, ते या घरात कुठेच दिसलं नाही. ते थंड मुलखात रमणारं आहे.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन : "काका, मोठी परत आली, मोरीत पाच!" गटारं तुंबली की खालची झुरळं वर येणारच. जाळी काढून ठेवली होती का विचारलं. कामवाल्या बाईंनी मोरी तुंबते म्हणून काढली होती. परत लावली, चार दिवसांत थांबलं.

ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो त्याच्या आधी घर झाडताना मालकीणबाईंनी स्वतः सापळे लावले. फ्रिजमागे शून्य. ओट्याखाली एक पिल्लू, मधे फिकट रेघवालं. टीव्हीवर एक, आडव्या रेघांचं. कपाटावर शून्य. आकडे त्यांनी मला कागदावर लिहून पाठवले, जातींच्या नावांसकट. 'सुपेला' त्यांनी तीनदा खाडाखोड करून लिहिलं होतं.

आता त्या घरातून अधूनमधून व्हॉट्सॲपवर फोटो येतात. परवाचा अव्वांनी नातीकडून काढून घेतलेला, धुरकट, ओट्याची कड आणि त्यावर एक तपकिरी ठिपका. खाली व्हॉइस मेसेज : "मास्तर, हे उभं का आडवं?"

मी विचारलं, पंख आहेत का बघा.

दोन मिनिटांनी उत्तर आलं : "होते. चप्पल बसली."